वाचायची गेम आणि तिच्यातल्या खुणा

कुलूप लावल्यावर मी ते तीनदा ओढून बघतो. दुधात बोट बुडवून बघतो. रिक्षावाला नेहमीचा रस्ता सोडून वळला की मागून त्याच्या खांद्यावर टकटक करतो. हा स्वभाव जन्माचा की धंद्यानं दिलेला, हे मला सांगता येणार नाही. बायको म्हणते, जन्माचा. मी दोष धंद्याला देतो, कारण धंदा आता बंद झालाय आणि तो उलटून बोलत नाही.

धंदा व्हिडिओ गेमचा. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका बोळात माझं दहा बाय बाराचं दुकान होतं. सुरुवातीला मी टीव्ही दुरुस्त करायचो. मग टीव्हीला जोडायची गेमची यंत्रं आली, ती बिघडायला लागली, आणि ती उघडायचं धाडस आसपास दुसऱ्या कुणात नव्हतं म्हणून ती माझ्याकडं येऊ लागली. नव्वदचं दशक संपता संपता सीडीवर चालणारं करडं यंत्र आलं आणि दुकानाला बरे दिवस आले. तासावर खेळायला द्यायचं, मधल्या वेळेत दुरुस्ती करायची आणि सीड्यांच्या प्रती काढून द्यायच्या, असं माझं काम. प्रती चोरीच्याच, हे आता कबूल करायला हरकत नाही. या खेळांची अस्सल सीडी आमच्याकडं कुणी पाहिलीच नव्हती. मीही नाही.

या धंद्यात कुणाचा कुणावर विश्वास नसतो. यंत्र दुरुस्तीला टाकणाऱ्या प्रत्येकाला खात्री असते की पोवार, म्हणजे मी, सीडी वाचणारी चांगली लेन्स काढून घेणार आणि भंगार बसवणार. उद्यमनगरच्या कारखान्यांतली गिऱ्हाइकं तर खुणा करूनच यंत्र आणायची. तिथल्या एका टर्नरनं आतल्या प्रत्येक भागावर, अगदी स्क्रूच्या डोक्यावरसुद्धा, सुईनं आपल्या नावाचं पहिलं अक्षर आणि जागेचा नंबर कोरला होता. परत नेताना त्यानं भिंग लावून एकेक तपासलं. एक स्क्रू दुसऱ्याच्या जागी बसलेला निघाला.

"ह्यो हितला न्हाय," तो म्हणाला. "ह्यो त्या कोपऱ्यातला हाय. तुमी कायतरी केलंय."

मी काहीच केलं नव्हतं. पण पुढं चार दिवस मलाच वाटत राहिलं की आपण काहीतरी केलंय.

दुसरे रशीदभाई बागवान, फळांचे व्यापारी. त्यांच्या यंत्राची लेन्स थकली होती. अशा वेळी यंत्र उलटं ठेवायचं, पोट वर करून, की ते सीडी वाचायला लागतं. असं का होतं याची मी गिऱ्हाइकांना तीन-चार कारणं सांगायचो. खरं कारण मला माहीत नव्हतं. रशीदभाईंनी आपलं यंत्र उताणं पडलेलं बघितलं आणि दारातच थांबले.

"पोवार, ही दुरुस्ती हाय का जादूटोणा?"

"चालतंय न्हवं?"

"चालतंय म्हणूनच संशय याय लागलाय."

त्यानंतर ते रोज दुपारी बाजार आटोपला की यंत्राची राखण करायला म्हणून दुकानात येऊन बसायचे. बसल्या बसल्या खेळायला लागले आणि आमच्या दुकानातले सगळ्यात चिकट खेळाडू झाले. यंत्र घरी न्यायचं मात्र विसरून गेले.

आमच्याकडं गेमच्या तीन जाती होत्या: मारामारीची, गाडीची आणि वाचायची. वाचायची गेम कुणी मागत नसे. तीत एक राजपुत्र गावोगाव हिंडतो, भेटेल त्याच्याशी बोलतो, धर्मशाळेत मुक्काम करतो, दुकानातून तलवार घेतो, आणि मधूनच लढाई आली की दोन्ही बाजू पाळीपाळीनं एकमेकांना मारतात. तोवर समोरचा शहाण्यासारखा उभा राहून मार खातो. चाळीस-पन्नास तासांचा खेळ. पण सगळी बोलणी इंग्रजीत. दहा मिनिटं झाली की गिऱ्हाईक म्हणायचं, "ह्ये कधी मारणार? नुसतंच बोलत बसलंय."

सिद्धार्थ कांबळे यांना तेवढी तीच गेम हवी असायची. ते मूळचे मुरगूडचे, शहरातल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे, म्हणून मी त्यांना मास्तर म्हणायचो. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. ते मला दादा म्हणायचे. खेळताना मांडीवर वही घेऊन बसायचे आणि कोण काय बोललं ते लिहून काढायचे. मला आधी वाटलं, हा माणूस प्रतिस्पर्ध्याचा हेर आहे. महिनाभर मी त्यांच्या वहीवर नजर ठेवली. मग एका सोमवारी, दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी, ते मुद्दाम आले.

"दादा, लोक ही गेम खेळत न्हाईत कारण तिची भाषा त्यास्नी कळंना. आपण हिला मराठी शिकवूया की."

"तुमच्या आणि माझ्या बापानं केलीय का ही गेम?"

"न्हाई केली. पर उघडता येती. मी उघडलीया."

आणि त्यांनी उघडून दाखवली. बाहेरच्या माणसाला हे काम सांगायचं तर असं. सीडी म्हणजे मार्केटातल्या गाळ्यांची लांबलचक ओळ समजा. सगळे गाळे एका मापाचे. सुरुवातीला भाडेकरूंची यादी असते: अमुक फाईल अमुक नंबरच्या गाळ्यापासून सुरू, इतके गाळे अडवून. एका फाईलीत गावाचं चित्र, एकीत गाणं, एकीत अक्षरं, एकीत गावकऱ्यांची बोलणी. यादी बघून हवी ती फाईल बाहेर काढायची, तीत बदल करायचा आणि परत तिथंच बसवायची. अट एकच. नवी फाईल जुनीच्याच जागेत मावली पाहिजे. एका अक्षरानं वाढली तरी शेजारच्या गाळ्याची भिंत पडते, आणि मग राजपुत्र दार उघडून घरात जातो तो थेट समुद्रात. कमी पडली तर उरलेल्या जागेत शून्यं भरायची. जागा धुऊन काढायची. नाहीतर आधीच्या भाडेकरूचं सामान तिथंच पडून राहतं.

अक्षरं मास्तरांनीच काढली. इंग्रजी सीडीत मूळच्या जपानी अक्षरांची चित्रं कुणी न वापरता पडून होती. ती उडवून त्यांच्या जागी मराठी अक्षरं बसवायची, अशी त्यांची युक्ती. आलेखाच्या कागदावर चौकोन रंगवत ते कि, की, कु, कू एकेक काढायचे, कारण यंत्राला काना-मात्रा वेगळी लावता येत नव्हती. जागा संपत आली तशी आम्ही अक्षरं वगळायला लागलो. ज्ञ ला जागाच उरली नाही. त्यामुळं डोंगरावरच्या साधूला ज्ञान हा शब्द उच्चारता येत नव्हता. तो राजपुत्राला अक्कल देत असे.

बोलणी लिहायचं काम दोघांचं. एक मराठी अक्षर दोन इंग्रजी अक्षरांची जागा खायचं, त्यामुळं शुद्ध मराठी मावायचीच नाही. आहे लिहिलं की एक अक्षर बाहेर. हाय लिहिलं तरी तेवढंच, पण वाक्यच आखूड करायची आमच्या बोलीला मुळातच सवय. इंग्रजीतला राजा सिंहासनावरून विचारायचा की हे अनोळखी प्रवाशा, तू कोणत्या दूरदेशीहून आलास. आमचा राजा विचारायचा, "कुठलं पावणं?" दरबार एका फटक्यात मावला. रशीदभाई ते वाचून इतके हसले की यंत्राला धक्का लागून ते सुलटं झालं आणि बंद पडलं.

वर्षभर सोमवार असे गेले. मी सीडी फोडायचो आणि बांधायचो, मास्तर आत भरायचं ते तयार करायचे. मला त्या कामाचा गर्व होता आणि आजही आहे. कोल्हापुरातल्या एका बोळात दोन माणसांनी जपानचा राजपुत्र मराठी बोलता केला होता.

मास्तरांना मात्र गर्वापेक्षा जास्त काहीतरी हवं होतं. पुण्यातल्या एका कंपनीत मोबाईलवर चालणाऱ्या गेम बनवणं सुरू झालं होतं आणि तिथल्या एका साहेबांशी त्यांची ओळख निघाली होती. साहेब म्हणाले होते, काम दाखवायला आणा. पण हा खेळ दुसऱ्या कंपनीचा, तेव्हा तो बाजारात फिरताना दिसला तर आमचा तुमचा संबंध नाही.

"दादा," मास्तर मला म्हणाले, "माझी डिग्री बाहेरून बसून घेतलेली. मुलाखतीत लोक माझं कॉलेज बघत्यात, आडनाव बघत्यात आणि फाईल मिटत्यात. ह्ये काम समोर ठेवलं तर फाईल उघडी ऱ्हाईल. मला दुसरं काय बी नको. तेवढी आपली सीडी बाहेर जाऊ देऊ नका."

मी म्हणालो, "माझ्याकडनं मुंगी बाहेर जात न्हाई, मास्तर."

सगळी बोलणी तपासायची तर गेम पुरती खेळून बघायला हवी होती. त्यासाठी तीन प्रती काढायचं ठरलं: एक मास्तरांना, एक रशीदभाईंना, एक प्रमोदला. प्रमोद माझा मेहुणा, माझ्या बायकोचा, सुमनचा धाकटा भाऊ. तो दुकानात गल्ल्याशेजारी बसायचा आणि मला दाजी म्हणायचा. तिघांनाही मी शपथा घातल्या. शपथांवर माझा विश्वास नव्हता, म्हणून मी तो उद्यमनगरातला टर्नर आठवला आणि खुणा केल्या.

गेममधल्या प्रत्येक गावाची बोलणी वेगळ्या फाईलीत होती आणि प्रत्येकीच्या शेवटी शून्यांनी भरलेली थोडी मोकळी जागा होती. खेळणाऱ्याला ती कधी दिसत नाही. मास्तरांच्या प्रतीत मी पहिल्या गावाच्या शेवटी इंग्रजी अक्षरांत कांबळे असं लिहिलं. रशीदभाईंच्या प्रतीत बंदराच्या गावाशेवटी बागवान. प्रमोदच्या प्रतीत डोंगरावरच्या गावाशेवटी प्रमोद. कुणाला सांगितलं नाही. मास्तरांना तर नाहीच. ज्याच्याबरोबर वर्षभर काम केलं त्याच्या प्रतीत चोरखूण घालताना मला काही वाटलं का? खरं सांगतो, मला आपल्या हुशारीचं कौतुक वाटलं.

तीन आठवड्यांनी इचलकरंजीहून एक गिऱ्हाईक आलं. "तुमच्यात मराठी गेम न्हाई का? आमच्यात मिळालीया," असं म्हणत त्यानं पिशवीतून सीडी काढली. वर झेरॉक्सचा कागद चिकटवलेला. लावली तर पडद्यावर आमचाच राजा. कुठलं पावणं?

मी ती सीडी त्याच्याकडून मागून घेतली. कॉम्प्युटरवर चढवली, शोधायची खिडकी उघडली आणि नाव टाईप केलं. कांबळे. कॉम्प्युटरनं दोन-तीन मिनिटं घेतली आणि पहिल्या गावाच्या शेवटी जाऊन थांबलं. ते नाव तिथं होतं.

मी कॉम्प्युटर बंद केला.

मास्तर संध्याकाळी क्लास सुटल्यावर आले तेव्हा मी उभाच होतो. प्रमोद खुर्च्या पुसत होता.

"मास्तर, सीडी बाहेर गेली. इचलकरंजीत विकत्यात."

त्यांचा चेहरा उतरला. "कुणी दिली?"

"तुमचीच गेलीया."

"न्हाई दादा. माझी घरात पेटीत हाय. आत्ता आणून दाखवतो."

"पेटीतली ऱ्हाऊ दे. प्रत काढायला किती येळ लागतोय? माझ्याकडं पुरावा हाय."

"मग दाखवा की."

"तुम्हाला दाखवायची मला गरज न्हाई."

त्यांनी प्रमोदकडं एकदा बघितलं आणि पायऱ्या उतरून गेले. प्रमोद म्हणाला, "दाजी, माणूस वळखाय चुकलासा." मला ते पटलं. पुरावा मी दाखवला नाही, कारण खुणांची युक्ती फुटली असती. पुन्हा कधी कुणावर वापरावी लागली तर, असा माझा विचार.

चौथ्या दिवशी मास्तर परत आले होते. ते सायकल समोर लावत होते तेव्हा मी त्यांना आतून बघितलं. हातात एक सीडी होती. माफी मागायला आले असतील, नाहीतर रडायला, असं मला वाटलं आणि दोन्हींची मला तयारी नव्हती. मी शटर अर्धं ओढून आत बसलो आणि प्रमोदला म्हणालो, "जा, दाजी न्हाईत म्हणून सांग." प्रमोद गेला, सांगून आला. मास्तर बराच वेळ उभे होते म्हणाला.

त्याच आठवड्यात पुण्याच्या साहेबांचा फोन आला. त्यांनी बाजारातल्या सीडीचं ऐकलं होतं. तरी त्यांना मास्तरांचं काम आवडलं होतं आणि ते मला, मोठा जोडीदार म्हणून, विचारत होते की माणूस कसा आहे. त्या फोनबद्दल बरीच वर्षं मी फक्त सुमनला सांगितलं होतं.

मी म्हणालो, "कामाला चांगला आहे. पण जपून."

ते म्हणाले, "समजलो." फोन ठेवला. मास्तरांना नोकरी मिळाली नाही.

रागाच्या भरात मी आणखी एक केलं. गेम संपल्यावर करणाऱ्यांची नावं पडद्यावरून सरकतात. तिथं आम्ही आमची दोन नावं घातली होती. मी ती फाईल काढली, मास्तरांचं नाव पुसलं, मोकळ्या जागेत शून्यं भरली आणि परत बसवली. इचलकरंजीत उघड मिळत होतीच, तेव्हा लपवायचं काही उरलं नव्हतं. पुढची दोन वर्षं राजारामपुरीतून ती गेम फक्त माझ्या नावानं गेली. लोक विचारायचे, एकट्यानं केलीसा? मी हसायचो. नाही असं कधी म्हणालो नाही.

पुढं घरोघरी कॉम्प्युटर आले, मग मोबाईल आले, आणि तासावर खेळायला येणारं कुणी राहिलं नाही. दुकान बंद करायचं ठरलं तेव्हा मी एकेक खोकं उपसत बसलो होतो. त्यात झेरॉक्स कागद चिकटवलेली ती सीडी निघाली. गेमचं यंत्र तर विकून टाकलं होतं, पण आपण राजाला काय काय बोलायला लावलं होतं ते पुन्हा वाचावंसं वाटलं. म्हणून मी कॉम्प्युटरवर गावांच्या फायली बाहेर काढल्या आणि निवांत पहिल्यापासून वाचायला घेतल्या.

पहिलं गाव संपलं, शेवटी कांबळे. मनात म्हटलं, बरोबर. राजाच्या बोलण्यावर पुन्हा एकदा हसलो. बंदराचं गाव संपलं, तर शेवटी बागवान. मी चष्मा काढून पुसला. डोंगरावरच्या गावाच्या फाईलीचा शेवट आधी बघितला. तिथं प्रमोद होतं.

एका सीडीत तिन्ही नावं. खोक्यावरच बसलो मी. कारण कळायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत, माझंच काम होतं ते. तिन्ही प्रती मी एकाच साठवलेल्या नमुन्यावरून काढल्या होत्या. पहिली खूण घातली, पहिली सीडी काढली. दुसऱ्या प्रतीसाठी दुसरी खूण घातली, पण पहिलीची जागा धुतली नाही. तिसरीच्या वेळी पहिल्या दोन तशाच. म्हणजे मास्तरांच्या सीडीत एक नाव होतं, रशीदभाईंच्यात दोन आणि तिसरी सीडी तीन नावं घेऊन गेली होती. बाहेर गेली होती ती तिसरी. वर्षभर दुसऱ्यांना शून्यं भरा म्हणून सांगणारा मी, खुणा करायच्या घाईत स्वतः विसरलो होतो. मास्तरांचं नाव पुसताना मात्र विसरलो नव्हतो.

चूक धंद्यातली होती, ती होऊ शकते. पण त्या दिवशी मी आणखी एक नाव शोधलं असतं, नुसतं एक, तरी सगळं उघड झालं असतं. मी शोधलं नाही.

प्रमोदला विचारलं तर तो जेवता जेवता हसला. "व्हय दाजी, मीच दिलती. इचलकरंजीच्या एका पोराकडं फुटबॉलची नवी गेम हुती, त्याच्या बदली. लई जुनी गोष्ट काढलासा."

"आणि मास्तरांचं नाव घेतलं तवा गप का बसलास?"

"तुमच्याकडं पुरावा हुता म्हणालासा. मला वाटलं, त्यानं बी दिली असंल."

सुमन वाढत होती. ती भावाला काही बोलली नाही. मला म्हणाली, "तुम्ही माझ्या भावाचं नाव घालून बघितलंच न्हाईसा व्हय? आणि मला म्हणता, मी कुणालाच सोडत न्हाई." रस्सा वाढून ती आत गेली. मी जेवलो नाही.

मास्तर आता कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत होते. एका कारखान्यात कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनचे प्रोग्रॅम करायचे आणि मुरगूडहून जाऊन-येऊन असायचे. मी रविवारी सकाळच्या एसटीनं गेलो. घर सापडायला वेळ लागला नाही. ते व्हरांड्यात पेपर वाचत बसले होते. केस पांढरे झाले होते. मला बघून उठले, खुर्ची पुढं केली.

"या पोवार."

दादा म्हणाले नाहीत, हे माझ्या लक्षात आलं.

मी सगळं सांगितलं. खुणा केल्या होत्या ते, नमुना धुतला नाही ते, प्रमोदचं आणि फुटबॉलचं. माझं संपल्यावर ते म्हणाले, "ठावं हाय मला."

"काय ठावं हाय?"

"तुम्ही पुरावा हाय म्हणालासा, तवा दुसऱ्या दिवशी इचलकरंजीला जाऊन मी ती सीडी घेतली. पेटीतली आणि ती, दोन्ही उघडून शेजारी शेजारी लावल्या. माझ्यात एक नाव, तिच्यात तीन. दोन दिवसांत समजलं. त्येच सांगाय आलतो. तुमच्या मेव्हण्यानं सांगितलं, दाजी न्हाईत. तुमची चप्पल दारात हुती."

मला त्यांच्याकडं बघवेना. पण आणखी एक उरलं होतं, आणि ते त्यांना माहीत नव्हतं. पुण्याच्या फोनचं. मी ते सांगितलं. जपून हा शब्दसुद्धा सांगितला.

ते ऐकताना त्यांनी हातातल्या पेपरची घडी घातली, मग त्या घडीची आणखी एक घडी. घरातून भांड्यांचा आवाज येत होता.

"एक इचारू?" ते म्हणाले. "तिघांच्या खुणा हुत्या. माझंच नाव पयलं का शोधलासा?"

याचं उत्तर मी एसटीत तयार करून आणलं होतं. ती खूण मी सगळ्यात आधी घातली होती, पहिल्याच गावात होती, म्हणून सुरुवात तिथून केली. कामाची रीत म्हणून. मी तसं सांगितलं.

त्यांनी मान हलवली. "एवढ्या लांब आलाईसा. आता खरं सांगा."

दुकानात आम्ही एका डब्यात जेवलो होतो. मला कुणी जातीवरून बोल लावला असता तर मी त्याच्या अंगावर गेलो असतो. पण त्या दिवशी घाईघाईत बोटांनी जे नाव टाईप केलं ते कांबळे होतं. ते सापडलं नसतं तर दुसरं बागवान टाईप केलं असतं. प्रमोदपर्यंत मी पोचलो असतो असं मला वाटत नाही. माझ्या संशयानं रांग आधीच लावून ठेवली होती. मी सगळ्यांवर सारखा संशय घेतो, ही आयुष्यभराची माझी प्रौढी खोटी होती.

"तुम्ही कांबळे म्हणून," मी म्हणालो. ते वाक्य मी स्वतःशीसुद्धा कधी बोललो नव्हतो. मला रडू आलं आणि मी ते थांबवलं नाही.

त्यांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, "ह्ये मला तवाच कळलंतं. तुम्हाला कळलंय का, एवढंच बघायचं हुतं."

त्यांच्या पत्नी चहा घेऊन आल्या. माझे डोळे बघून कप ठेवून आत गेल्या. आम्ही चहा प्यायलो. त्यांनी कारखान्यातल्या मशिनबद्दल दोन गोष्टी सांगितल्या, मी माझ्या गुडघ्याबद्दल सांगितलं. वेळ झाली तसे ते मला स्टँडपर्यंत सोडायला आले. एसटी लागली होती. मी त्यांना म्हणालो, पुढच्या महिन्यात परत येतो, सुमनलाही घेऊन येतो.

"नका येऊ, पोवार," ते शांतपणे म्हणाले. "मनात राग न्हाई. पर तुम्ही दारात दिसलासा न्हवं, तवा माझ्याच घरात माझी झडती घेतल्यागत झालं मला. परत ते नको."

मी बरं म्हणालो आणि चढून बसलो. गाडी सुटेपर्यंत ते खाली उभे होते. निघाली तेव्हा त्यांनी हात केला, मीही केला.

त्यानंतर मी मुरगूडला गेलो नाही. त्या बाजूला जाणं होतं कधीमधी, पण गाडी स्टँडवर थांबली तरी मी खाली उतरत नाही.